पाचवा मामा

कुंभार पिंपळगावच्या बाजारात पिठाच्या गिरणीला लागून साळूबाईचा फोनचा बूथ होता. तिथं फोन करायला गेलेल्या माणसाला आधी साळूबाईच्या प्रश्नांतून पार व्हावं लागे. कोणाचे तुम्ही, कुठून आले, कोणाला लावायचा, ते तुमचे कोण. एकदा बियाणं विकायला आलेला एक साहेब वैतागला.

"बाई, हा फोनचा बूथ आहे का पोलीस ठाणं?"

"बूथच हाय साहेब," साळूबाई म्हणाली. "ठाण्यात एवढं कोणी विचारत न्हाई."

मी तिची शेजारीण. गिरणीच्या पलीकडं माझी बालवाडी होती. पोरं घरी गेली की दुपारी मी तिच्या बूथवर जाऊन बसायची. बूथमध्ये बसायला एक स्टूल होतं. ते माझंच असल्यासारखं झालं होतं.

साळूबाईचं माहेर हसनाबाद, भोकरदन तालुक्यातलं. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. तरी ती चौथीपर्यंत शिकली, आणि कशी शिकली ते पुढं येईलच. पाच भावांमध्ये एकटी बहीण. १९८१ साली धर्मराजशी लग्न होऊन ती पिंपळगावात आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, गावाला कुंभार पिंपळगाव म्हणतेत, मंग कुंभार किती घरं हायेत?" नवी सून डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्याला प्रश्न करते, याची गावात महिनाभर चर्चा झाली. सासरा मात्र भला माणूस. त्यानं घरं मोजून येऊन आकडा सांगितला.

१९९३ मध्ये अपंगांच्या कोट्यातून तिला बूथ मिळाला. काचेची केबिन, त्यात एक काळा फोन, वर पिवळी पाटी. साळूबाईचे दोन नियम होते. एक, केबिनमध्ये माणूस बोलत असेल तर आपण तोंड रस्त्याकडं करायचं. कोण काय बोललं ते तिच्याकडून कधी बाहेर गेलं नाही. दुसरा, फोन कोणाचा आहे हे कळल्याशिवाय निरोप द्यायचा नाही. तेव्हा गावात चार-दोन घरीच फोन. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेले लोक साळूबाईच्या नंबरवर फोन करायचे आणि ती घरच्यांना बोलावणं धाडायची. बायामाणसांसाठी फोन असला तर ती हमखास विचारायची, "मामा कोण तिचा? कोणत्या गावचा?"

मी एकदा विचारलं, मामाच का.

"बापाचं नाव काय, गावात कोणीबी सांगंल," ती म्हणाली. "पाटीवर असतं, रेशनकार्डावर असतं. मामाचं नाव घरातलं माणूसच सांगतं."

ते खरंच होतं. आमच्याकडं सोयरीक काढताना दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पाच मिनिटांत मामावर येतात. मामा जुळला की पाण्याच्या जागी चहा येतो.

१९९६ ची गोष्ट. वच्छलाबाई म्हणून आमच्या गल्लीतली एक बाई, तिच्या सुनेसाठी फोन आला. वडील फार आजारी आहेत, तिला लगेच शहागडच्या फाट्यावर पाठवा, मी तिचा चुलतभाऊ गाडी घेऊन उभा आहे. साळूबाईनं विचारलं, "मामा कोण तिचा?" पलीकडचा माणूस म्हणाला, जल्दी करा, मामाचं काय काम. साळूबाई म्हणाली, "मामाचंच काम हाय." फोन कट झाला. संध्याकाळी कळलं, वडील चांगले ठणठणीत, रानात कापूस वेचत होते. तेव्हापासून वच्छलाबाई दर संक्रांतीला पहिलं वाण साळूबाईच्या घरी नेऊन द्यायची. आणि साळूबाईचा मामावरचा विश्वास पक्का झाला, इतका की पुढं त्यानंच तिला गोत्यात आणलं.

२००६ पर्यंत मोबाइल हातोहात झाले. बूथवर दिवसाला पाच-सहा माणसं यायची, तीही बहुधा पत्ता विचारायला. साळूबाईची मुलगी बेबीनंदा बारावी होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करायला मंगळवारी आणि शुक्रवारी घनसावंगीला जायची. तिनं आईच्या मागं लागून बूथमध्ये दोन कॉम्प्युटर आणले आणि नेट सुरू केलं. लाइन एकच. नेट लावलं की फोन बंद. त्यावरून रोज भांडणं. नेटवर निकाल बघणारा ओरडायचा, फोन करायला आलेला ओरडायचा, आणि मधे साळूबाई शांतपणे दोघांना विचारायची, "तुमचा मामा कोण?"

कॉम्प्युटर आला आणि तिच्या प्रश्नांना पूर आला. बेबीनंदानं सुरतेच्या एका पोराला आमच्यासमोर ई-मेल पाठवलं.

"गेलं?"

"गेलं."

"कुठून गेलं? तारेतून?"

"हो आई."

"त्याचा कॉम्प्युटर बंद असंल तर? मंग ते कुठं बसून राहतं?"

"मधे एक मोठा कॉम्प्युटर असतो. तिथं राहतं."

"कोणाच्या घरी?"

बेबीनंदा हसायची, पण उत्तर तिलाही नीट माहीत नसायचं, मलाही नसायचं. मी घरी येऊन देवापुढं दिवा लावताना तेच मनात घोळवत बसायची. खरंच, कोणाच्या घरी असेल?

पुढच्या वर्षी बेबीनंदाला स्थळं पाहायला सुरुवात झाली. तिनंच सांगितलं की लग्नाच्या साइटी असतात, त्यावर माहिती टाकली की दूरदूरचे लोक पाहतात. साळूबाईला ते फार आवडलं. मेळाव्याच्या पुस्तकात छापतात तसंच, पण फुकट आणि जगभर. ती मला म्हणाली, "आशाबाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. तुम्ही कागदावर उतरवा, मंग बेबी त्यात टाकंल."

मी कागदाच्या डोक्यावर श्री लिहिलं आणि साळूबाई सांगत गेली. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, रास, कुलदैवत, शिक्षण. आईवडिलांची नावं, गाव, शेत किती. मग मामा.

"आधी आबाराव लिहा," ती म्हणाली. "शाळेत गुरुजी हाय. नोकरीवाला आधी."

मी लिहिलं.

"मंग बद्रीनाथ. कारखान्यावर वॉचमन हाय, तीबी नोकरीच. मंग राधाकिसन. मंग कडूबादादा."

"कडूबादादा थोरले ना? सगळ्यात खाली?"

साळूबाई जरा थांबली. "रानात असतो तो. कागद कुठं वाचणार हाय." मग स्वतःच हसली. "कोणी सांगू नका त्याला."

मी विचारलं, "आणि कचरू?"

कचरू हा दुसरा भाऊ, कडूबाच्या पाठचा. बारा-तेरा वर्षांचा असताना विहिरीत पोहायला गेला तो वर आलाच नाही. साळूबाई तेव्हा दहा वर्षांची होती. पाय गेलेल्या बहिणीला रोज पाठीवर घेऊन शाळेत नेणारा तोच. तो गेला आणि साळूबाईची शाळाही गेली. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, कधीतरी श्रावणात.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शुभाच्या कागदावर गेलेल्याचं नाव नको."

म्हणून चारच मामा लिहिले. प्रत्येकाचं गाव लिहिलं. खाली बूथचा फोन नंबर. बेबीनंदा वाचून म्हणाली, "आई, एवढं सगळं कशाला? नाव, शिक्षण, तालुका पुरे की."

"सोयरीक काय हवेत जुळती?" साळूबाई म्हणाली. "चार नावं दिसली की माणूस ओळख काढतो. मी न्हाई काढत?"

मीही साळूबाईचीच बाजू घेतली. आज कबूल करते. मला वाटलं, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

बेबीनंदानं इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करून सगळं चढवलं. तिनं स्वतःचं आणखी एक पानही उघडलं होतं, मैत्रिणी-मैत्रिणींचं असतं तसलं. त्यावर फोटो, कोणी काही लिहिलं की उत्तरं. "मंगळवारी क्लासला निळा ड्रेस घाल गं" असल्या गमती. तिथं तिला कोणी आई नव्हती सांगायला, एवढं नको म्हणून.

लग्नाच्या साइटीवर खाली एक आकडा दिसायचा, किती जणांनी पाहिलं याचा. आठवड्यात तो चारशे बारा झाला. साळूबाई चष्मा लावून त्याच्यापुढं बसली.

"चारशे बारा जणं येऊन गेले?"

"हो."

"कोण कोण?"

"ते कळत नाही आई."

साळूबाई बराच वेळ त्या आकड्याकडं पाहत राहिली. "बूथच्या दारात कोणी उभं राह्यलं तर मला त्याचं तोंड दिसतं," ती म्हणाली. "चारशे माणसं दारातून डोकावून गेली आन् एकाचंबी तोंड दिसलं न्हाई?" मग म्हणाली, "असू दे. चांगलीच असतील."

फोन आला पौषाच्या आधी. मी स्टुलावर होते.

"साळूमावशी का? मी सोपान बोलतो, औरंगाबादहून. हसनाबादच्या कडूबामामाच्या साडूचा पुतण्या."

साळूबाईनं नेहमीचं विचारलं, मामा कोण मुलीचे? त्यानं सगळे सांगितले, गावांसकट. बद्रीनाथमामा कारखान्यावर आहेत हेही सांगितलं. कुलदैवत सांगितलं. साळूबाईचा चेहरा उजळला. फोन ठेवून ती म्हणाली, "घरातलंच पोरगं निघालं. कंपनीत हाय म्हणतो. आपल्यातलं."

तिनं चौकशी केली नाही असं नाही. कडूबादादा रानात वस्तीवर राहायचा, मोबाइल नव्हता. हसनाबादच्या एका दुकानावर निरोप ठेवला, तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो म्हणाला, "साडूचे पुतणे मला काय माहीत बा. सतरा हायेत तिकडं. असंल एखादा सोपान." एवढ्यावर साळूबाईनं समाधान मानलं.

मग दर चार दिवसांनी फोन यायला लागला. पोरगं गोड बोलायचं. मावशी, पाय कसा आहे? मावशी, बेबीनंदाचा क्लास मंगळवारी-शुक्रवारी असतो ना? निळा रंग तिला फार शोभतो, ऐकलंय. साळूबाईला वाटलं कडूबाच्या घरून कळलं असेल. धर्मराज म्हणाला, "आधी ते लोक घरी येऊ द्या, मंग बघू." तो कमी बोलणारा माणूस, पण एकच गोष्ट धरून बसायचा. बेबीनंदा काहीच बोलायची नाही. तिला त्यानं नेटवर फोटो पाठवला होता. फोटोतला मुलगा दिसायला चांगला होता, एवढं मी पाहिलं.

एका बुधवारी सोपान म्हणाला, येत्या रविवारी आई आणि मी गाडीनं बीडला चाललोय. आईचे गुडघे दुखतात, आत गावापर्यंत यायला जमत नाही. शहागडला हायवेवर थांबू. मुलीला तिथं आणा, आई पाहील, मग रीतसर पोहे खायला घरी येऊच. साळूबाईला त्यात वावगं वाटलं नाही. देवळात, बसस्टँडवर मुली पाहतातच लोक. तिला स्वतःला जीपमध्ये चढणं कठीण. ठरलं की मी बेबीनंदाला घेऊन जायचं, तीर्थपुरीवरून जीपनं. मी माझी चांगली साडीसुद्धा काढून ठेवली.

शुक्रवारी दुपारी बूथवर आम्ही तिघी होतो. बेबीनंदा त्या दिवशी क्लासला गेली नव्हती, साडीला फॉल लावत बसली होती. फोन वाजला. साळूबाईनं "सोपान" म्हणून आम्हाला खूण केली, ऐकत राहिली, आणि तिच्या कपाळावर आठी आली. मग तिनं असं काही केलं, जे चौदा वर्षांत केलं नव्हतं. फोनचं स्पीकरचं बटन दाबलं. म्हणाली नंतर, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं न्हाई, पण हे तर माझंच होतं.

"...तर मावशी, सोबत कोणी नको. गाडीत जागा नाही. आई तिला नदीवर देवाच्या पायावर घालून आणील, तासाभरात परत सोडतो. बाहेरच्या बाईसमोर आई मोकळं बोलत नाही."

"एकटी पाठवू?" साळूबाई म्हणाली.

"मी काय परका आहे का मावशी? विचारा ना कोणालाही. आबाराव गुरुजी आहेत, बद्रीनाथमामा आहेत, राधाकिसनमामा, कडूबामामा. चौघं माझी खात्री देतील."

मी साळूबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत होती. मला क्षणभर कळलंच नाही, आणि मग कळलं. आबाराव, बद्रीनाथ, राधाकिसन, कडूबा. हा माझा कागद होता. माझ्या अक्षरातला, वरून खाली. कडूबाच्या साडूकडचा म्हणवणारा माणूस कडूबाचं नाव सगळ्यात शेवटी कशाला घेईल? आमच्यात थोरल्याचं नाव आधी निघतं, मग तो रानात असो की वस्तीवर. धाकट्या गुरुजीला पहिला बसवला होता तो साळूबाईनं, आणि तो त्या कागदापुरताच.

बेबीनंदानं सुई खाली ठेवली.

साळूबाईचा आवाज मात्र होता तसाच राहिला. उलट जरा मऊ झाला.

"बराबर हाय तुझं. आन् कचरूदादा? त्याची काही भेट?"

पलीकडं अर्धा क्षण गेला असेल.

"कचरूमामा ना? परवाच भेटले मावशी. तब्येत बिलकुल चांगली आहे. तुमची फार आठवण काढत होते."

केबिनच्या काचेवर साळूबाईचा हात टेकलेला होता. तो तसाच राहिला.

"काय म्हणला?"

"म्हणाले, साळूला सांग, बिनघोर पाठव पोरीला."

"असं म्हणला का. मंग त्यालाच धाडून द्या घ्यायला. तो आला की पाठवते."

तिनं फोन ठेवला. गिरणी चालू होती, तिचा आवाज भरून राहिला होता. बेबीनंदाला कचरूमामाची गोष्ट माहीत होती का, हे मला तोवर माहीत नव्हतं. होती. ती उठली आणि आईच्या पायाशी येऊन बसली, लहान होती तेव्हा बसायची तशी. साळूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आशाबाई, ती साडी घडी करून ठेवा. चुरगळंल."

फोनवर आलेला नंबर आम्ही लावून पाहिला. कुठल्याशा बसस्टँडवरच्या, एक रुपया टाकून बोलायच्या डब्याचा निघाला. तिथल्या पानवाल्यानं उचलला, म्हणाला दिवसभर शंभर जण करतात. रविवारी धर्मराज आणि राधाकिसनमामा शहागडला जाऊन सकाळपासून दुपारपर्यंत हायवेवर बसले. गाड्या थांबत होत्या, लोक चहा पीत होते, जात होते. त्यातला कोणता तो, का आलाच नव्हता, कसं कळणार. त्याला काय हवं होतं हेही कधी कळलं नाही. मला विचाराल तर तेच जास्त सलतं. पकडला असता तर एक तोंड तरी दिसलं असतं.

त्या संध्याकाळी बेबीनंदानं दोन्ही पानं उघडून आम्हाला एकेक ओळ वाचून दाखवली. मामा, गावं, कारखाना, कुलदैवत, हे सगळं आईच्या कागदातलं. मंगळवार-शुक्रवार, घनसावंगी, निळा ड्रेस, हे तिच्या पानावरचं. आईचा दुखरा पायसुद्धा तिनंच कुठंतरी लिहिला होता, मैत्रिणीला उत्तर देताना. "साडू तेवढा त्यानं पदरचा घातला," बेबीनंदा म्हणाली.

"साडू काय, प्रत्येकालाच असतो," साळूबाई म्हणाली. "मला तवाच कळायला पाहिजे होतं."

मला वाटलं ती मुलीला बोलेल, नाहीतर कॉम्प्युटर विकून टाकेल. तिनं दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "चौदा वर्षं मी लोकाला मामा विचारला. आन् मीच सगळे मामा चौकात नेऊन बसवले. आता कोणाला काय विचारू?" मग बेबीनंदाला म्हणाली, "मिटव."

बेबीनंदानं मिटवलं.

"आता कुठं गेलं ते?"

"आपल्याला दिसत नाही आता. पण कोणी आधीच उतरवून ठेवलं असेल तर त्याच्याकडं राहणार."

"कोणाच्या घरी?" साळूबाईनं विचारलं. या वेळी कोणी हसलं नाही.

महिन्याभरानं त्यांनी नवीन माहिती टाकली. नाव, शिक्षण, तालुका आणि एक साधा फोटो. मामा एकही नाही. नेट चालूच राहिलं. पण आता नेटवर बसायला आलेल्या पोरींना साळूबाई आधी विचारायची, आज काय काय लिहिणार? मग सांगायची, "लिहा, बिनधास्त लिहा. पण एक मामा घरी ठेवा." नव्या पोरीला ते कळायचं नाही, मग सगळी गोष्ट पुन्हा सांगायची. गल्लीतल्या चांगुणाबाईची नात एकदा म्हणाली, "साळूकाकू, मला एकच मामा आहे."

"मंग मावशी ठेव."

"मावशीबी न्हाई."

"मंग तुझ्या शेळीचं नाव ठेव. पण एक कायतरी असं पाहिजे की जे विचारलं तर परक्याला येऊ नये."

त्या पोरीनं पुढं खरंच शेळीचं नाव कॉम्प्युटरच्या कुलपाला लावलं, असं बेबीनंदा सांगते. शेळीचं नाव काय होतं हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही. साळूबाईनं फार प्रयत्न केले.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात भोकरदनकडचं एक स्थळ आलं. त्यांच्या पुतण्यानं नेटवर बेबीनंदाची ती चार ओळींची माहिती पाहिली होती. त्यात पत्ता नव्हता म्हणून त्यांनी तालुक्यावरून विचारत विचारत माणसं गाठली, आणि मगच आधी कळवून घरी आले. मुलगा शेतकी खात्यात कामाला, मान खाली घालून बसलेला. मुलाचे वडील तेजराव, पागोटं बांधलेला उंच माणूस. पोह्यांच्या ताटल्या फिरल्या. मी दारात उभी होते, साळूबाई चहाची किटली घेऊन भिंतीला धरून आली.

तेजरावांनी विचारलं, "मुलीचं आजोळ हसनाबाद म्हणता. कोणाच्या घरचं?"

"कडूबाच्या," धर्मराज म्हणाला. या वेळी थोरल्याचं नाव आधी आलं.

"कडूबा? रानातल्या वस्तीवरचा? अहो, मग पाच भाऊ ना ते?"

साळूबाईचा हात किटलीवर थांबला. "चार," ती म्हणाली.

"न्हाई बाई. पाच." तेजराव आपल्याच नादात होते. "दुसरा कचरू. चौथीला आम्ही एका ओळीत बसायचो. विहिरीत गेला बिचारा. त्याला एक बहीण होती पायानं अधू. रोज पाठीवर घेऊन यायचा तिला, दीड मैल."

तेजरावांनी साळूबाईच्या पायाकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"तुम्ही का त्या?"

साळूबाईनं किटली माझ्या हातात दिली आणि सतरंजीच्या कडेला, पुरुषांच्या बैठकीत, बसली. असं आमच्याकडं कोणी बसत नाही. ती म्हणाली, "आणखी काय आठवतं तुम्हाला त्याचं?"

"लई बोलायचा न्हाई तो. आम्ही चिडवायचो, पाठीवर गोणी घेऊन आला म्हणून. तर म्हणायचा, गोणी काय असली असती का? ही रस्ताभर विचारती, हे झाड कोणाचं, ती वाट कुठं जाती. हिला उत्तरं देता देता शाळा कधी येती कळत न्हाई."

साळूबाई हसली. डोळे पुसले का, ते पदर आडवा आल्यानं मला दिसलं नाही. मग आत पाहून तिनं हाक मारली.

"बेबी, बाहेर ये. आपलीच माणसं हायेत."

पाहुणे गेले तेव्हा सगळ्यांची पसंती झालेली होती. रात्रीचा स्वयंपाक आटोपून मी देवापुढं साखर ठेवली. सकाळी बूथवर गेले तर धर्मराज पिशवी घेऊन निघाला होता.

"कुठं?"

"हसनाबादला," तो म्हणाला. "मालकीणबाईचा हुकूम हाय."

साळूबाई काचेमागून म्हणाली, "शाळेत जुनं रजिस्टर असंल. चौथीचं. तेजरावचं नाव आन् कचरूचं नाव एकाच पानावर हाय का, तेवढं बघून या."